एचआयव्ही आणि व्यसनमुक्ती, दोन्ही उपचार एकत्र कसे सुरू करायचे: नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलामुलींसाठी

अठरा ते पंचविशीतल्या ज्या मुलामुलींना एचआयव्ही आहे आणि जे नुकतेच दारू, गर्द (हेरॉइन, ब्राउन शुगर), एमडी (मेफेड्रोन), झोपेच्या गोळ्या, हुंगायचं सोल्यूशन, जे काही असेल ते सोडायच्या मागे लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी व्यसनमुक्तीच्या कामात काउन्सेलिंग करते त्यामुळे सगळं महाराष्ट्रातल्या हिशोबाने येईल. डॉक्टर नाहीये मी, म्हणून डोस बदलणं, गोळी बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचं, पण डॉक्टरांना काय विचारायचं, आधी कुठे जायचं, आणि मुलं हमखास कुठे अडकतात ते मी सांगू शकते.

सगळ्यात आधी एकच गोष्ट, पुढचं नाही वाचलं तरी एवढी लक्षात ठेवा. "आधी व्यसन सुटू दे, मग एचआयव्हीचं बघू" असं घरचे म्हणतात, मुलं स्वतः म्हणतात, कधीकधी दवाखान्यातही कोणीतरी म्हणतं. ऐकू नका. दोन्ही उपचार एकदमच चालू ठेवायचे असतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, सुरू करायला तुम्ही क्लीन, म्हणजे नशा बंद केलेले, असायलाच हवं असा कुठलाही नियम नाही, २०१७ पासून आपल्याकडे धोरणच असं आहे की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, एआरटी सुरू करायची. व्यसन सुटायला वेळ लागतो, मधे पाय घसरतो, परत उभं राहावं लागतं, आणि तुमचं सगळं नीट होईपर्यंत व्हायरस काही थांबून राहत नाही.

पहिलं काम: रिपोर्ट पक्का करून घ्या

बऱ्याच जणांचा रिपोर्ट प्रायव्हेट लॅबमधला असतो, किंवा रिहॅबमध्ये भरती करताना रक्त घेतलं त्यात आलेला असतो. तो घेऊन सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीची टेस्ट आणि काउन्सेलिंग करणाऱ्या सेंटरला, जा. जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज, उपजिल्हा रुग्णालय, बहुतेक ठिकाणी हे सेंटर असतं, टेस्ट फुकट असते, आणि तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. तिथला काउन्सेलर टेस्टच्या आधी आणि नंतर बोलतो. त्याला व्यसनाबद्दल पण सांगा, लाजू नका, कारण पुढे कुठे पाठवायचं ते तो त्यावरून ठरवतो. सुई वापरत असाल तर हेपॅटायटिस बी आणि सी दोन्हींची टेस्ट मागून घ्या. सुई, चमचा, कापूस, पाणी, यातलं काहीही शेअर केलं असेल तर हेपॅटायटिस सी असण्याची शक्यता बरीच असते, आणि ते आता बरं होतं, साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतं. एचआयव्ही असून काविळीने लिव्हर खराब झालेली मुलं बघवत नाहीत, आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

आपल्या तालुक्याच्या हॉस्पिटलात मावशीची जाऊ नर्स आहे, वॉर्डबॉय गल्लीतला आहे, अशी भीती असते. खरी असते ती. दुसऱ्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सेंटरला जा, चालतं. जवळचं सेंटर कुठलं ते १०९७ या नॅशनल हेल्पलाइनवर विचारता येतं, फोन टोल-फ्री आहे आणि मराठीत बोलता येतं.

दुसरं: एकदम सोडू नका, विशेषतः दारू आणि गोळ्या

घरात बंद करून "आता सोडलीच" असं करणारे खूप. गर्दची टर्की, म्हणजे बंद केल्यावर होणारा त्रास, भयंकर असते, अंग मोडतं, नाक गळतं, जुलाब होतात, झोप नाही, वाटतं मरतोय आता, पण तब्येतीने बऱ्या माणसाचा जीव त्यात सहसा जात नाही, पाणी मात्र पोटात जात राहायला हवं. दारूचं तसं नाही. रोज सकाळपासून पिणाऱ्याने अचानक थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणी बोलावतंय असं वाटतं, आणि यात माणूस दगावू शकतो. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, ज्यांना मालेगाव-धुळ्याकडे कुत्ता गोळी म्हणतात, त्यांचंही तेच, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. म्हणून या दोन्हींचं डिटॉक्स डॉक्टरांच्या नजरेखालीच. जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, मेडिकल कॉलेजचा सायकियाट्री वॉर्ड, किंवा डॉक्टर असलेलं व्यसनमुक्ती केंद्र. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे जवळचं केंद्र सांगतात.

रेल्वेच्या डब्यात, रिक्षाच्या मागे "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशी स्टिकरं असतात ना, आया बिचाऱ्या ती पावडर आणून भाजीत घालतात. त्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि दारू प्यायलेल्या माणसाच्या पोटात असलं काही गेलं तर बीपी पडून तो अत्यवस्थ होऊ शकतो, त्यात तुमच्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू. आईला प्रेमाने सांगा, हे नको.

तिसरं: एआरटी सेंटरचा पहिला दिवस

सकाळी लवकर जा, नाश्ता करून जा, पाण्याची बाटली न्या, अर्धा दिवस जातो हे धरून चला. आयसीटीसीचा रिपोर्ट, आधार कार्ड किंवा पत्त्याचा काही पुरावा, आणि आधीचे जे कागद असतील ते सगळे. नोंदणी होते, नंबर मिळतो, वजन घेतात, मग काउन्सेलर, मग डॉक्टर. चार गोष्टी हमखास विचारतात, खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का. हे टीबीसाठी असतं. गर्द ओढणाऱ्या मुलांना खोकल्याची इतकी सवय झालेली असते की ते "नाही" म्हणून मोकळे होतात. असं करू नका, खोकला असेल तर आहे म्हणून सांगा, कारण टीबी असेल तर गोळ्यांचं सगळं गणित बदलतं, ते खाली लिहिलंय. रक्तात सीडी-फोर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हरच्या टेस्ट वगैरे बघतात.

आपल्याकडे सरकारी सेंटरमध्ये एआरटी फुकट आहे, १ एप्रिल २००४ पासून, तेव्हा सुरुवातीला मोजक्याच हॉस्पिटलांत होती, मुंबईचं जे. जे. त्यातलंच. आता जिल्ह्याजिल्ह्यात आहे. आज बहुतेकांना टीएलडी म्हणून एकच गोळी देतात, तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं असतात, दिवसातून एकदा. सुरुवातीला थोड्या दिवसांच्याच गोळ्या देऊन परत बोलावतात, नंतर महिन्याच्या, आणि सगळं स्थिर झालं की तीन-तीन महिन्यांच्या पण मिळतात.

डॉक्टरांना न विसरता सांगायच्या गोष्टी: कुठलं व्यसन, शेवटचं कधी केलं, व्यसनाचं कुठलं औषध चालू आहे, डिप्रेशनची गोळी चालू आहे का, आणि पूर्वी कधी एआरटी घेतलेली का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. जन्मापासून एचआयव्ही असलेली जी मुलं आहेत, ज्यांना लहानपणी "ही टॉनिकची गोळी आहे" किंवा "टीबीची आहे" म्हणून सांगितलं गेलं आणि बाराव्या-चौदाव्या वर्षी खरं कळलं, त्यातली बरीच त्या रागातच गोळ्या सोडतात आणि त्याच सुमारास दारू, गांजा सुरू होतो. मला या मुलांचा राग कळतो. पण नव्या सेंटरला जाऊन "मी नवीन पेशंट आहे" असं सांगू नका. आधी घेऊन सोडलेल्या औषधांना व्हायरस सरावलेला असू शकतो, मग तुम्हाला वेगळ्या गोळ्या लागतील, आणि ते डॉक्टरांना कळायला जुना इतिहास लागतो. सोडली होती म्हणून कोणी ओरडलंच तर ऐकून घ्या, गोळ्या नाकारायचा मात्र कोणाला अधिकार नाही.

रिहॅबमध्ये भरती व्हायचं असेल तर

पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, अनिल आणि अनिता अवचट यांनी सुरू केलेलं, मुंबईकडे फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं क्रिपा फाउंडेशन आहे आणि ते एचआयव्हीचंही काम करतात. अशी जुनी, नावाजलेली ठिकाणं आहेत, आणि गल्लीबोळात उघडलेली, डॉक्टर नसलेली, मारहाण करणारी पण आहेत. भरती व्हायच्या आधी घरच्या कोणालातरी आत जाऊन बघायला सांगा. डॉक्टर रोज येतात का, घरच्यांशी बोलू देतात का, एआरटीच्या तारखेला बाहेर सोडतात का, एवढं विचारलं तरी पुरे.

एचआयव्ही आहे म्हणून भरती नाकारता येत नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ सालचा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यात उपचार, नोकरी, शिक्षण, भाड्याचं घर अशा ठिकाणी भेदभावाला बंदी आहे आणि तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करणं किंवा तुमचं स्टेटस दुसऱ्याला सांगणं यालाही. संमतीवाचून सांगायला काही अपवाद आहेत पण वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटना सांगणं त्यात अजिबात बसत नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. रात्री जेवण झालं की औषधाची लाइन लागते, सिस्टर टेबलावर ट्रे घेऊन बसते, नाव पुकारलं की पुढे जायचं, हातावर गोळ्या, तिच्यासमोर पाण्याबरोबर गिळायच्या आणि तोंड उघडून दाखवायचं. मागचा मुलगा खांद्यावरून बघत असतो, तुझी ती मोठी गोळी कसली रे? इथेच घाबरून मुलं गोळी जिभेखाली धरतात आणि बाथरूममध्ये थुंकतात. म्हणून भरती होतानाच डॉक्टरांना आणि एका काउन्सेलरला सांगून ठेवा की माझी ही गोळी सकाळी ड्रेसिंग रूममध्ये द्या, लाइनमध्ये नको. बहुतेक ठिकाणी ऐकतात. कोणी विचारलंच तर "लिव्हरची आहे" म्हणालात तरी चालेल, सगळ्यांना सगळं सांगायला तुम्ही बांधील नाही. आणि भरती होताना बाटली सोबतच न्या, जेवढे दिवस राहणार त्यापेक्षा आठ-दहा गोळ्या जास्तच, आणि एआरटीची पुढची तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहायला सांगा, कारण रिहॅबच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला स्वतःला तारीख-वार काही आठवणार नाहीये.

मुलींसाठी वेगळं लिहायला हवं, जागा कमी आहे, पण एवढं तरी: मुक्तांगणमध्ये निशिगंध नावाचा बायकांचा वेगळा विभाग आहे, आणि बाकीच्या ठिकाणी जाण्याआधी तिथे बायकांची वेगळी राहण्याची सोय आणि बाई स्टाफ आहे का ते आधी विचारा. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, गोळ्या चालू ठेवून बाळ निगेटिव्ह होऊ शकतं, आणि गरोदरपणात गर्द किंवा दारू एकदम बंद करणं हे तर डॉक्टरांशिवाय अजिबात करायचं नाही.

रोजची गोळी, रोजचं जगणं

गोळीची वेळ दिवसातल्या अशा गोष्टीला बांधा जी व्यसन असतानाही चुकत नव्हती. काहींचा सकाळचा चहा असतो, काहींचा ब्रश, एक जण म्हणाला ताई मी काहीही केलं असलं तरी उठल्यावर मोबाइल चार्जिंगचा काढतोच, तर त्याची डबी चार्जरजवळ. हे चांगलं चाललं. अलार्म लावा पण अलार्मला "औषध" असं नाव देऊ नका, स्क्रीनवर दिसतं, "पाणी भर" लिहा.

टीएलडीला जेवणाची अट नाही. उपवास असो, श्रावण, नवरात्र, रमजानचे रोजे असोत, दिवसातून एकदा असल्यामुळे अडत नाही, सेहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. अडतं ते दुसरीकडे. दारू सोडलेल्यांना अॅसिडिटी फार असते, उठसूट जेलुसिल, डायजीन पीत असतात, आणि त्यातलं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतं, म्हणजे गोळी घेऊनही अर्धी वायाच. एआरटीची गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर त्या जेवणासोबत एकत्र चालतात, उपाशीपोटी असेल तर हाच दोन-सहाचा हिशोब. जिमला जायला लागलेली मुलं (आणि बरं झाल्यावर सगळेच जिमला जातात, चांगलंच आहे) मल्टिव्हिटॅमिन, झिंक, मॅग्नेशियम घेतात, त्यांनाही हाच दोन-सहाचा हिशोब. क्रिएटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर किडनीची टेस्ट वाढलेली दिसते आणि सगळे उगाच घाबरतात.

झोप. पहिल्या दोन-तीन महिन्यांत झोप येत नाही, विचित्र स्वप्नं पडतात, काहींना स्वप्नात पुन्हा नशा केल्याचं दिसतं आणि घाम फुटून उठतात. हे व्यसन सोडल्याचंच असतं बऱ्याचदा. पण डोल्युटेग्राव्हिरनेही काहींची झोप उडते, तेव्हा गोळी रात्री घेत असाल तर डॉक्टरांना विचारून सकाळी करा. गोळीमुळे झोप येत नाही म्हणून गोळी सोडायची, आणि मग झोपेसाठी मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणायची, या रस्त्याने गेलेली मुलं पाहिलीत, आगीतून फुफाट्यात.

एखादा डोस राहिला आणि त्याच दिवशी आठवलं तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर राहिलेला राहू द्या, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. हेपॅटायटिस बी पण असेल तर गोळी एकदम थांबवणं जास्त धोक्याचं, कारण याच गोळीतली दोन औषधं ती कावीळ दाबून ठेवत असतात, थांबवली की ती उसळते.

सहा महिन्यांनी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याची, टेस्ट होते. ती चुकवू नका, तिच्यावरून गोळी लागू पडतेय का हे कळतं. नियमित गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा व्हायरस तोपर्यंत रक्तात सापडेनासा होतो, आणि तसा तो कायम राहिला तर सेक्समधून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. हे अनेक वर्षं हजारो जोडप्यांमध्ये तपासून सिद्ध झालेलं आहे. पण हे सुईला लावू नका. शेअर केलेल्या सुईबाबत अशी खात्री कोणी दिलेली नाही, आणि हेपॅटायटिस सी तर जातंच.

कुठल्या औषधाचं कशाशी जमत नाही

गर्द किंवा इंजेक्शनवाल्यांसाठी ओएसटी असते, म्हणजे नशेच्या जागी डॉक्टरांनी दिलेलं औषध, बहुधा ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, जिभेखाली विरघळवायची, रोज सेंटरवर जाऊन त्यांच्यासमोर घ्यायची, नॅकोच्या (सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या) सेंटरमध्ये फुकट. काही ठिकाणी मेथाडोन असतं. लोक म्हणतात ही एक नशा सोडून दुसरी, मी तरी असं मानत नाही. तिच्यामुळे टर्की थांबते, सुई थांबते, माणूस कामावर जातो आणि एआरटी चुकत नाही. टीएलडीसोबत ती चालते. दोन ठिकाणी जपायचं. एक, ब्युप्रेनॉर्फिनवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या टाकल्या तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जातो. दोन, टीबी निघाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं तर ते ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनची ताकद कमी करतं, अचानक टर्की लागते आणि मुलाला वाटतं आपलं मनच कमकुवत आहे. मन ठीक आहे, डोस कमी पडतोय, ओएसटीच्या डॉक्टरांना सांगा. त्याच रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरही दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. टीबी टाळायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यासोबत दारू म्हणजे लिव्हरवर दुहेरी मार, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या झाल्या की त्याच दिवशी दवाखाना.

दारूसाठी डायसल्फिराम दिलं असेल तर अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधंही चालत नाहीत, बाटली वाचा. नाल्ट्रेक्सोन (दारू-गर्द परत सुरू होऊ नये म्हणून देतात ते औषध) आणि ओएसटी एकत्र कधीच नाही, घेतलं तर तिथल्या तिथे कडक टर्की लागते.

दुसऱ्या लाइनच्या एआरटीवर (पहिल्या गोळ्या लागू पडल्या नाहीत म्हणून बदलून दिलेल्या) असाल, म्हणजे गोळ्यांत रिटोनाविर असेल, तर जास्त सावध. ते लिव्हरमध्ये बाकीच्या औषधांचा निचरा अडवतं, त्यामुळे एमडीएमए, केटामिन, अल्प्राझोलाम, सेक्सच्या गोळ्या यांची नेहमीची मात्रासुद्धा अंगात कितीतरी जास्त होऊन बसते.

एमडीसाठी, म्हणजे मेफेड्रोनसाठी, ओएसटीसारखी बदली गोळी अजून नाही. २०१५ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं तरी मिळायचं काही थांबलं नाही. यात दोन-दोन रात्री झोप नाही, भूक नाही, आणि तेवढ्या दिवसांच्या गोळ्या हमखास चुकतात. सोडल्यावर काही आठवडे सगळं फिकं, रिकामं वाटतं, आयुष्यात काही उरलंच नाही असं वाटतं. ते हळूहळू ओसरतं, पण मरायचे विचार यायला लागले तर ओसरण्याची वाट बघू नका, १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, दिवसरात्र चालू असतो.

स्लिप झाली तर

याच भागासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला. स्लिप, म्हणजे सोडल्यावर पुन्हा घेणं, झाली की काय होतं बघा. शनिवारी हळदीला गेला, मित्रांनी आग्रह केला, घेतली. रात्री घरी आल्यावर गोळीची डबी दिसते आणि मनात येतं, दारूवर ही गोळी घेतली तर काहीतरी होईल. नाही घेतली. रविवारी उतरलेलं तोंड, लाज, तेव्हाही नाही. सोमवारी एआरटीची तारीख, तिथे काउन्सेलर ताई विचारतील म्हणून गेलाच नाही. गोळ्या संपल्या. आता तारीख गेली, गोळ्या गेल्या, म्हणजे सगळंच गेलं, मग प्यायला मोकळाच. एका ग्लासाने एवढं नुकसान केलेलं नसतं जेवढं त्या लाजेने केलं.

म्हणून नियम एवढाच: प्यायलात तरी गोळी घ्यायची. ओढलंत तरी घ्यायची. टीएलडी आणि दारू एकत्र आली म्हणून विष होत नाही, गोळी चुकण्याचं नुकसान त्यापेक्षा नक्की मोठं. उलटी झाली आणि गोळी बाहेर पडलेली दिसली तर परत घ्या. आणि तारखेला तसंच जा, तोंडाला वास येत असला तरी जा. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर गोळ्या असतील तर सुरू करा आणि सेंटरला फोन करून खरं सांगा.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. गर्द किंवा इंजेक्शन काही आठवडे बंद होतं आणि मग एक दिवस घेतलं, तर जुनी मात्रा घेऊ नका, शरीराची सवय मोडलेली असते आणि आधी जी मात्रा रोजची होती ती आता जीव घेते. रिहॅबमधून सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस यासाठी सगळ्यात वाईट. एकटं असताना तर नकोच. समोरचा निळा पडला, घोरल्यासारखा आवाज येतोय, उठत नाही, तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, ओपिऑइड (गर्द किंवा तसलं काही) घेतलंय हे अँब्युलन्सवाल्यांना सांगा, त्याच्यावर औषध असतं त्यांच्याकडे किंवा हॉस्पिटलात. सुई वापरणारच असाल तर नवीन वापरा, सुई वापरणाऱ्यांसाठीच्या सरकारी प्रकल्पांत त्या फुकट मिळतात, मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था याच लोकांमध्ये काम करत आल्यात. पोलिसांची भीती असते, बरोबर आहे, पण एनडीपीएसच्या कलम ६४-ए मध्ये थोडासाच माल सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतला तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, वकिलाला ती सांगा.

स्लिप बहुतेक वेळा आधीच दिसत असते. पगाराचा दिवस, विसर्जनाची मिरवणूक, धुळवड, थर्टी फर्स्ट, आणि कुठलाही दिवस ज्यात तुम्ही उपाशी, रागावलेले, एकटे किंवा थकलेले आहात. पहिलं वर्षभर पगार आईच्या किंवा बहिणीच्या खात्यात जाऊ द्या. यात कमीपणा काही नाही.

कोणाला सांगायचं

एकदम सगळ्यांना नाही. व्यसनाचं घरात बहुधा माहीत असतंच, एचआयव्हीचं सांगायला एक माणूस निवडा, जो रडला तरी ओरडणार नाही असा. बऱ्याच जणांची ती मोठी बहीण किंवा मामा असतो. सांगायचं काउन्सेलरच्या समोर ठेवलं तर बरं पडतं, कारण पहिला प्रश्न ताट-वाटी वेगळी ठेवायची का हाच येतो आणि त्याचं उत्तर तिसऱ्याने दिलेलं घरच्यांना पटतं. (नाही ठेवायची. एकत्र जेवण, कपडे, संडास, मिठी, कशानेही होत नाही. ब्लेड-रेझर मात्र आपापलं.)

एनए किंवा एएच्या (नशा, दारू सोडणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) मीटिंगमध्ये व्यसनाचं शेअरिंग करा, एचआयव्हीचं तिथे सांगायलाच हवं असं नाही. स्पॉन्सरवर (गटातला तुम्हाला साथ देणारा जुना सदस्य) पूर्ण भरवसा बसला की त्याला एकट्याला सांगा, कारण गोळी चुकवावीशी वाटते तेव्हाही फोन करायला कोणीतरी लागतं. आणि एचआयव्हीचं मोकळं बोलायला पॉझिटिव्ह लोकांचे गट आहेत, महाराष्ट्रात एनएमपी प्लसचं नेटवर्क आहे, एआरटी सेंटरच्या काउन्सेलरला विचारलं की जिल्ह्यातल्या गटाशी गाठ घालून देतात. आपल्याच वयाचं, आपल्यासारखंच दोन्हीतून गेलेलं एक माणूस भेटलं की काउन्सेलरच्या दहा तासांचं काम होतं, हे मी काउन्सेलर असून सांगते.

जोडीदाराला सांगणं अवघड आहे पण टाळू नका, त्याची किंवा तिची टेस्ट करून घ्या. कंडोम फाटला आणि तुमचा व्हायरल लोड अजून खाली आलेला नाही, तर जोडीदाराने ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे संसर्ग टाळायची औषधं, सुरू करायची, जितकं लवकर तितकं बरं, सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत विचारा, २८ दिवस गोळ्या असतात. लग्नाचं विचाराल तर होतात लग्नं, मुलं होतात, निगेटिव्ह मुलं होतात. पण पहिल्या वर्षी नवीन नातं सुरू करायची घाई करू नका असं मी सगळ्यांनाच सांगते, ब्रेकअपने घसरलेली मुलं हळदीने घसरलेल्यांपेक्षा कमी नाहीत.

गाव बदलताना

कंपनीत काम मिळालं, चाकणला जायचंय, किंवा ऊसतोडीला, बोटीवर, गोव्यात हॉटेलात. गोळ्या संपल्यावर बघू म्हणून निघू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या एआरटी सेंटरला सांगा, थोडेच महिने असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतात का विचारा, कायमचं असेल तर ट्रान्सफरचं पत्र घ्या आणि तिथल्या सेंटरचा पत्ता घेऊनच निघा. ओएसटीवर असाल तर तिचं वेगळं पत्र लागतं आणि ती रोजची असल्यामुळे आधी तिथे सेंटर आहे की नाही ते पक्कं करा, नसेल तर डॉक्टरांशी बोलून मगच नोकरीला हो म्हणा. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये, लॉक लावलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि आठवडाभराच्या गोळ्या कायम अंगावरच्या बॅगेत असू द्या, डिकीतल्या बॅगेत टाकू नका.